शैला, यंदा कुसर फुलली

शैला, कुसर फुलली. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, पुरुषमंडळी राख सावडायला गेली होती तेव्हा. मी चूळ भरायला म्हणून मागच्या दारी आले आणि वास आला. आधी वाटलं मोगराच. पण मोगऱ्याचा वास मला पाठ आहे. हा त्याहून हलका, जरा कच्चा होता. बघते तर कुंपणावर वरपासून खालपर्यंत पांढरी फुलं, अरुंद लांबट पाकळ्यांची, एकेका घोसात सात-आठ. तोंडातलं पाणी टाकायचंही मला सुचलं नाही.

पहिलं फूल जिला दिसेल तिनं ओरडायचं आणि दुसरीनं चहा टाकायचा, असा आपला नियम होता. त्या दिवशी मी ओरडले नाही. घरात जाऊन तुझ्या लेकीजवळ बसले आणि ती रडत होती तशी तिच्याबरोबर रडले. कुसर फुलल्याचं दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. तसं तर मी आणखीही एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

जावा-जावा उभा दावा म्हणतात, ते आपण दोघींनी मनापासून पाळलं. मी थोरली, अंगणवाडीत जन्म गेलेला, मला सगळं ओळीत लागतं. मोगऱ्याचे वाफे दोरी लावून, गुलाब एका बाजूला, जास्वंद वाटेच्या कडेला. तू सव्वीस वर्षांपूर्वी तळेघरच्या डोंगरातून या राजुरीच्या सपाटीवर आलीस आणि येताना रान घेऊन आलीस. माहेराहून परतलीस की तुझ्या पिशवीत नाचणी कमी आणि मुळ्या जास्त. दोन घरांच्या मागे बाग एकच, त्यामुळे भांडायला जागा भरपूर होती. तू माझ्या ओळीत आडवं काहीतरी लावायचीस, मी ते उपटून बांधावर फेकायचे, तू ते उचलून पुन्हा लावायचीस. तोंडानं तू कधीच उलटून बोलली नाहीस. "बरं बाई," म्हणायचीस आणि करायचं तेच करायचीस.

कुसर त्यातलीच, रानातली वेल. अकरा वर्षांपूर्वी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलीस आणि कुंपणाच्या मेंदीत खोचलीस. तुमच्याकडे चैत्रात डोंगर उतरताना वाटेवर तिचा वास येतो, असं सांगत होतीस. एसटी चुकली की चालत यायचं, आणि वास आला की समजायचं, अर्धी वाट सरली. मी म्हटलं होतं, इथे तिला ना डोंगर ना धुकं, ती फुलायची नाही. दर वसंतात मी तुला त्यावरून डिवचलं. शेवगा फुलला, तुझी कुसर? आंबा मोहरला, तुझी कुसर? तिनं अकरा वर्षं नुसती पानं काढली, मेंदीवर चढली, बोगनवेलीत घुसली आणि कुंपण इतकं दाट केलं की पलीकडचा ऊस दिसेना.

यंदाचा वसंत मला पहिल्यापासून बरा वाटला नव्हता. आता सगळेच तसं म्हणतात, पण तू साक्षीला आहेस, मी तेव्हाच म्हटलं होतं. बांधावरचा पांगारा अंगावर पानं असतानाच लाल झाला आणि त्यावर एक साळुंकी आली नाही. दरवर्षी नुसता कलकलाट असतो. आंब्याचा मोहर एका रात्रीत काळा पडला. मोगऱ्याला आपण पौषात नेहमीसारखं पाणी तोडलं, पानं पिवळी झाल्यावर छाटलं, शेणखत देऊन पाणी सोडलं, आणि तो असा कळ्यांनी भरला की हात लावायला जागा उरली नाही. मला आनंद झाला. तू मात्र वाफ्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. म्हणालीस, पाखरं नाहीत बघा बाई.

मग ऊसतोड आली. आठ दिवसांत शेजारचा सगळा ऊस गेला आणि आपलं मागचं दार एकदम उघड्यावर आलं. तोडकऱ्यांच्या बैलगाड्या गेल्या त्याच सुमारास शेजारचं कुत्रं दिसेनासं झालं. गाड्यांच्या मागे गेलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. वर्षानुवर्षं वाघाच्या गावात राहून माणूस हे असलं ठरवायला शिकतो. बिबट्याला इथे सगळे वाघच म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा. खुरपायला जाताना बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. तूही बांधायचीस. पण घरी आलीस की तो खुंटीला लागायचा. बागेत पट्टा घालायचं तुला किंवा मला कधी सुचलं नाही. बागेत जाणं म्हणजे आपल्याला बाहेर जाणं वाटतच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात मला कुसरीला कळ्या दिसल्या. मला, शैला. तुला नाही. लालसर देठाच्या, सुईसारख्या. मी ओरडले, तू चहा टाकलास. पण कप हातात देताना तू जे बोललीस ते मी धरून चालले नव्हते.

"बाई, कुंपन काढू आपन. ऊस ग्येला, आता त्यानं जायाचं कुठं? एवढं दाट बरं न्हाई."

अकरा वर्षं मी ती वेल काढ म्हणत होते आणि तू काढत नव्हतीस. आता तू काढू म्हणालीस आणि मी आडवी पडले. आमच्या ह्यांनी आणि भाऊजींनी कोयते धार लावून ठेवले होते, तरी मी ऐकलं नाही. अकरा वर्षांनी कळी धरली आहे, फूल बघितल्याशिवाय पातं लागू देणार नाही, आठ दिवसांनी काय करायचं ते करा. माझं तोंड सगळ्यांना माहीत. आमच्या ह्यांनी कोयते परत आत ठेवले. तू म्हणालीस, "बरं बाई." या वेळी मात्र तू खरंच ऐकलंस.

खरं सांगू? मला ती कुसर तुझ्यासाठी फुलवायची नव्हती. फुलली की मी तुला म्हणणार होते, बघ, माझ्या हाताखाली आली म्हणून फुलली. मला त्याची आता लाज वाटते.

पाचव्या दिवशी पहाट फुटताना मी बागेत गेले तर मोगऱ्याच्या दुसऱ्या वाफ्यात पंजे होते. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, माती मऊ, त्यामुळे एकेक बोट स्पष्ट. कुंपणातून निघून वाफ्यातून कढीपत्त्याकडे गेलेले आणि तिथून परत कुंपणात. मी काय केलं ते आता लिहिते. मी दाताळं आणलं आणि सगळा वाफा सारखा केला. हे पंजे पुरुषांना दिसते तर दुपारच्या आत कुंपण आडवं झालं असतं. तीन दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं. वाघ काय, येतो आणि जातो, असंही म्हटलं.

तू भांडी घासायला बाहेर आलीस आणि वाफ्याकडे बघून विचारलंस, आज माती कशी काय सारखी केली. मी म्हटलं, तण लई झालं होतं. तू भांडी घासायला बसलीस.

त्या संध्याकाळपासून तू कळ्या खुडायला लागलीस. बाग लावल्यापासून ते काम माझं होतं, तुला नखं लावता येत नाहीत म्हणून मी तुला कधी करू दिलं नव्हतं. यात्रा दोन दिवसांवर आलेली, देवाच्या हाराला कळ्या रोज लागणार होत्या. तू म्हणालीस, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही ओट्यावर बसून हार ओवा, मी खुडून आणते. मला ते बरं वाटलं. जरा उशिरा का होईना, धाकट्या जावेला थोरलीची कदर आली, असं वाटलं.

सातव्या दिवशी मी पुढच्या ओट्यावर सुईत दोरा ओवून बसले होते. दिवस मावळला होता, पण दिसत होतं. मागच्या बाजूला कळ्यांची पाटी पडल्याचा आवाज आला. मी इथूनच ओरडले, "काय गं पाडलंस?" रागानंच विचारलं मी. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा हाक मारली. मग उठले. गुडघ्यांमुळे मला उठायलाच वेळ लागला.

पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ते पुरेसं आहे आणि तुला तर सांगायची गरजच नाही. एवढंच सांगते की दुसऱ्या दिवशी सकाळी तू खुडलेल्या कळ्या वाटेवर सांडल्या होत्या, तिथल्या तिथे, मातीत, आणि त्या सगळ्या उमललेल्या होत्या. मी त्या गोळा करू शकले नाही. कुणीतरी झाडून टाकल्या.

फॉरेस्टवाले आले. त्यातल्या एका शांत माणसानं सगळ्यांना एकेक करून विचारलं, आधी कुणाला पंजे दिसले होते का. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला असं मला वाटलं, पण तो बिचारा वहीत लिहीत होता. त्यांनी वाफ्यांच्या पलीकडे पिंजरा लावला, आत बकरी बांधली. मोगरा भरभरून फुलत होता आणि त्यात ती बकरी दिवसभर ओरडत होती. आता खुडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे फुलं झाडावरच तपकिरी पडायला लागली. सोनचाफा उघडला. अनंतानं पहिली कळी सोडली. मी खिडकीच्या गजांआडून बघायचे. इतकी वर्षं या दिवसांची वाट बघण्यात गेली, आणि आता एकेक फूल उमललं की मला धडकी भरत होती. वारा पडला की मोगऱ्याच्या वासाखाली एक उग्र वास यायचा. आमचे हे म्हणायचे, बकरीचा आहे.

पिंजऱ्यात काही आलं नाही.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एकही खाली येईना. मग चालू झालं. तुझा भाऊ म्हणाला, पोरीला काही कमी पडू देणार नाही. आमचे हे म्हणाले, भावाला एकटं टाकणार नाही. कावळे तिथेच. शेवटी भाऊजी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, तुझी बाग जपतो, कुंपणाचं पानही तोडू देणार नाही, तुझी कुसर फुलली आहे. तेव्हा दोन कावळे उडून नदीपलीकडे गेले. बायका कुजबुजायला लागल्या. माझ्या तोंडात शब्द आलेले होते, शैला. एवढ्या माणसांत मी ते गिळले. ऊन चढलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि सगळे पांगले.

भाऊजींनी शब्द पाळायला त्याच संध्याकाळी सुरुवात केली. या माणसानं आयुष्यात बागेत पाऊल ठेवलं नव्हतं, हे तुला सांगायला नको. मी भांडी विसळत होते. मान वर केली तर भाऊजी दुसऱ्या वाफ्यात वाकून बसलेले, पाठ कुंपणाकडे, तुझ्या फोटोला हार करायला म्हणून चाचपडत एकेक कळी खुडताहेत. उजेड तसाच होता, मावळलेला पण दिसतंय असा. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. मी भांडं टाकून उठले.

"भाऊजी, उठा आधी तितनं," मी म्हटलं. "पंजे आले व्हते त्या वाफ्यात. ती जायच्या दोन दिस आधी. मी दाताळं लावून बुजवले."

ते उठले. हातातल्या कळ्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मला वाटलं आता बोलतील, शिवी देतील, आणि खरं सांगते, मला तीच हवी होती.

"म्हाईत हाय मला, बाई," ते म्हणाले. "तिनंच सांगितलं व्हतं. कळ्या धरल्यावर बाई वाफ्याला दाताळं लावत न्हाईत, म्हनली, कायतरी बुजवलंय त्यांनी. मंग बघून आली. कढीपत्त्याखाली एक पंजा ऱ्हायला व्हता."

मी विचारलं, मग ती मला बोलली का नाही? तुम्ही का नाही बोललात?

"दोन-तीनच दिस ऱ्हायलेत म्हनली. बाईंचा जीव लागलाय, फुलू दे, तुमी कायी बोलू नका. मी ध्यान ठिवते." मग खाली बघत ते म्हणाले, "म्हनून तर कळ्या खुडाय ती जायला लागली. बाईंचे गुडघे धड न्हाईत, म्हनली. त्यांना पळता यायचं न्हाई."

शैला, मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले. कदर नव्हती ती. तू माझ्या जागी गेली होतीस.

मला तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. बोलायचं होतंस. माझ्या झिंज्या धरून म्हणायचं होतंस, की बाई, तुम्हाला वेड लागलं आहे. सव्वीस वर्षं बरं बाई, बरं बाई करत माझी प्रत्येक गोष्ट मोडलीस, आणि जी मोडायला हवी होती नेमकी तीच पाळलीस. मला माहीत आहे की हे सगळं बोलायचा हक्क मला नाही. तरी बोलते, कारण दुसरं कोण तुझ्याशी भांडणार? तू मला इतकी जपायचीस हे मला ठाऊक नव्हतं. मी तुला त्यातलं निम्मंही दिलेलं नाही. तुझी रोपं उपटून फेकली, तुझ्या तळेघरच्या बोलण्याला हसले, आणि तुझ्या हातचा चहा मात्र रोज प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या शांत माणसाला फोन लावून खोटं बोलल्याचं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, आता कुंपण काढा आणि अंधार पडायला लागला की मागे जाऊ नका. भाऊजींनी नदीवर दिलेला शब्द होता, त्यामुळे त्यांच्या हातात कोयता द्यायचा नव्हता. मीच घेतला. मला दोन-चार वेलींपलीकडे झेपलं नाही, पुढचं आमच्या ह्यांनी आणि वस्तीवरच्या माणसांनी केलं. कुसर भर फुलात होती. ओढून काढली तेव्हा फुलं सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर पडली आणि कुणी ती झटकली नाहीत. कुंपणाच्या आत, मेंदीच्या बुडाशी, बसून बसून गुळगुळीत झालेली जागा निघाली. तिथे कुत्र्याचा पट्टा होता. तिथून आपलं मागचं दार, मोरी, वाफे, सगळं नीट दिसत होतं. मी स्वतः वाकून बघितलं. एखादी फांदी कुंडीत लावून ठेवावी, असं मनात आलं होतं. नाही लावली.

आज सकाळी मी दार उघडलं. समोर मोकळं रान, कापलेला ऊस, लांबवर रस्त्यावरचा टेम्पोही दिसत होता. दुसऱ्या वाफ्यातला मोगरा तसाच भरलेला. आणि वाफ्याच्या मधून पंजे गेले होते. एक मोठा. त्याच्या शेजारून, कधी पुढे कधी मागे, लहान लहान दोन पिलांचे. कुंपण होतं तिथपर्यंत येऊन ते थांबले होते, तिथल्या तिथे पुष्कळ फिरले होते, आणि मग घराकडे वळले होते.

दाताळं भिंतीला टेकलेलं होतं, माझ्या हाताशी. मी मोरीतलं घमेलं उचललं आणि सगळ्यांत स्पष्ट पंजा होता त्यावर पालथं घातलं, फॉरेस्टवाले येईपर्यंत मोडू नये म्हणून. मग तिथेच ताठ उभी राहिले आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी हाक मारली. भाऊजी धावत बाहेर आले, हे आले, तुझी लेक आली. मी बोट दाखवलं आणि म्हटलं, हे बघा, वाघ आलाय, कुणी मागे येऊ नका.

शैला, त्या दिवशी मी एवढंच करायला हवं होतं.